खांबावरची पेटी

"सूनबाई, इकडे ये. हे वाचलंस का?"

सीमांतपूजन नुकतंच आटोपलं होतं. मिरजेतल्या त्या मंगल कार्यालयात मी, म्हणजे उद्याची नवरी, पायाला रग लागली म्हणून जरा मोकळी फिरत होते, तर जेवणाच्या हॉलच्या दाराशी माझे होणारे सासरे उभे. अप्पा कवठेकर. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे, आणि नाक एका खांबाला जवळजवळ टेकलेलं.

खांबावर काचेच्या दाराची एक पांढरी पेटी बसवलेली होती. वर लाल रंगाचं हृदय, त्यातून आरपार गेलेली वीज. खाली मराठीत लिहिलं होतं, 'अचानक हृदय बंद पडल्यास हे यंत्र वापरा.' आणि त्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, ते यंत्र देणगी देणाऱ्या कुठल्याशा क्लबाच्या पदाधिकाऱ्यांची नावं.

"म्हणजे माणसाला शॉक देऊन उठवायचं?" अप्पा म्हणाले. "अगं, मी सगळी नोकरी वीज मंडळात काढली. आमच्याकडे शॉक लागून माणसं आडवी व्हायची. हे म्हणजे उलटंच खातं झालं."

मी हसले. त्यांना म्हटलं, "आमच्या कंपनीत शिकवलंय हे. बाहुलीवर." मी तेव्हा कुपवाडला औषधांच्या कारखान्यात होते आणि तिथल्या सेफ्टीवाल्यांनी आम्हा सगळ्यांना जमिनीवर गुडघे टेकायला लावून छाती दाबायचं आणि हे यंत्र लावायचं शिकवलं होतं.

"मग? जगली का बाहुली?"

"नाही. पण सर्टिफिकेट मिळालं."

अप्पा असे खदखदून हसले की लांबून दोन-चार पाहुणे वळून बघायला लागले. माझी सगळी भीती त्या हसण्यात गेली. सासर कसं असेल, सासू कशी असेल, ही धास्ती आठवडाभर होती. या माणसाच्या घरात आपलं बरं चालेल असं मला वाटलं.

तेवढ्यात माई आल्या. माझ्या सासूबाई. नऊवारी, नाकात नथ, हातात पानाचं तबक. त्यांनी आधी अप्पांकडे, मग पेटीकडे बघितलं आणि पाटी वाचता वाचता त्यांचा चेहरा आंबट झाला.

"मेलं, लग्नघरात हे काय वाचत बसलात? हृदय बंद पडल्यास म्हणे! शुभ बोलावं माणसानं."

"मी कुठं बोललो? खांबच बोलतोय."

"उद्या वऱ्हाड जेवायला जाणार ते हे वाचत जाणार का?" माईंनी कार्यालयाच्या मॅनेजरला हाक मारली. "अहो कुंभोजकर, हे काढा इथून. लग्न आहे आमच्याकडे, दवाखाना नाही."

कुंभोजकर हात चोळत आले. "काकू, खांबात खोदून बसवलंय ते. काढता नाही यायचं. देणाऱ्यांनीच सांगितलंय, जेवणाच्या दाराशी हवं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला पाहिजे."

"आम्हाला नाही बघायचं," माई म्हणाल्या आणि तबक घेऊन निघून गेल्या. अप्पांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त चांगला गाठला गेला. मंगलाष्टकं एका मावशींनी नको इतकी लांबवली, अंतरपाट दूर झाला, निरंजननं माझ्या गळ्यात हार घालताना माझ्या मुंडावळ्या ओढल्या, सगळे हसले. सप्तपदी झाली. मी रीतसर कवठेकर झाले. आणि मग विहीणपंगत बसली.

कवठेकरांकडे एक पद्धत होती. विहीणपंगतीत पहिलं तूप नव्या सुनेनं वाढायचं. त्याशिवाय कोणी भातात बोट घालायचं नाही. शालू सावरत, हातात चांदीची तुपाची वाटी घेऊन मी एकेका पानापाशी वाकत होते. जेवणाचा हॉल माझ्या वडिलांनी फार हौसेनं सजवून घेतला होता. डेकोरेशनवाल्या दस्तगीरभाईंनी दाराजवळचे चारही खांब जमिनीपासून छतापर्यंत गुलाबी कापडात गुंडाळून त्यावर झेंडूच्या माळा घट्ट आवळल्या होत्या. बघणारा हरखून जात होता. मीही सकाळी हरखले होते.

अप्पा माईंच्या शेजारी बसले होते. त्यांच्या पानात तूप सोडताना ते म्हणाले, "हात आखडू नकोस गं. पहिल्याच दिवशी काटकसर नको."

मी अजून एक धार सोडली. त्यांनी वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पाटावरून तसेच बाजूला कलले. त्यांचं डोकं माईंच्या पानावर आपटलं. ताकाची वाटी उलटली.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, चक्कर आली. कोणी पाणी शिंपडलं, कोणी पंखा घाला म्हणालं, एका काकांनी कोशिंबिरीसाठी आणलेला कांदा बुक्कीनं फोडून त्यांच्या नाकाशी धरला. मी वाटी टाकून त्यांच्या तोंडाजवळ वाकले. श्वास नव्हता. एक घरघर आली आणि थांबली. बाहुलीच्या वेळी सांगितलं होतं, त्या घरघरीला श्वास समजू नका.

"छाती दाबा!" मी ओरडले. माझा मामेभाऊ पुढे आला. त्याला जागा दाखवली, कसं दाबायचं ते दाखवलं. "थांबू नकोस. मी मशीन आणते."

"कुठलं मशीन?"

"शॉकचं! काल इथं होतं! पेटी!"

"असेल की ऑफिसात," कोणीतरी म्हणालं. निरंजन ऑफिसकडे धावला. ऑफिसला कुलूप होतं, कुंभोजकर घरी जेवायला गेले होते, म्हणून तिघं-चौघं मिळून दाराला धडका द्यायला लागले. मी ओरडून सांगत होते, ऑफिसात नाही, खांबावर आहे. माझं कोण ऐकतंय? नव्या नवरीचा आवाज तसाही कोणाला ऐकायची सवय नसते.

मी दाराकडे पळाले आणि थबकले. चार खांब. चारही एकसारखे गुलाबी, चारही झेंडूनं मढवलेले. काल मी बाहेरून आले होते, आज आतून बघत होते, आणि पेटी कुठल्या खांबावर होती ते काही केल्या आठवेना. मी मागे वळून पंगतीकडे बघून जिवाच्या आकांतानं ओरडले, "पेटी कुठल्या खांबावर होती? सांगा कोणीतरी!"

बहुतेकांनी ती बघितलीच नव्हती. माई माझ्या अगदी समोर, अप्पांच्या डोक्याशी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि त्या टक लावून माझ्याकडे बघत होत्या.

मी पहिल्या खांबाचं कापड ओढलं. दस्तगीरभाईंचं काम पक्कं. माळा तारेनं आवळलेल्या होत्या. तारेत बोटं घालून ओढलं, तेव्हा हातातला हिरवा चुडा तारेवर आपटून फुटला, काचा मनगटात घुसल्या. कापड फाटलं. आत नुसता चुन्याचा खांब. दुसरा फाडला. तोही कोरा. मला आठवतं, तिसऱ्या खांबाशी मी दातांनी माळ तोडली होती. झेंडूची कडू चव बरेच दिवस तोंडातून गेली नाही.

पेटी चौथ्यावर होती.

मी यंत्र घेऊन आले, अप्पांचा सदरा फाडला, चिकटपट्ट्या लावल्या. यंत्र इंग्रजीत बोलायला लागलं. पेशंटला हात लावू नका, तपासणी चालू आहे, असं म्हणालं. आणि मग बाईच्या त्या थंड आवाजात आलं, "नो शॉक ॲडव्हाइज्ड."

"काय म्हणतंय?" कोणीतरी विचारलं.

"शॉकची गरज नाही म्हणतंय!" निरंजनच्या काकांनी हात जोडले. "देवाची कृपा! गरज नाही म्हणतंय!"

बायका रडता रडता हसायला लागल्या. एकीनं माईंच्या पाठीवरून हात फिरवला, "बघा, काही नाही झालं, गरजच नाही." या वाक्याचा अर्थ त्या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक होता. हृदय थरथरत असेल तोवरच हे यंत्र शॉक देतं. ते पुरतं थांबलं, की यंत्राच्या हातात काही उरत नाही. शेवटी फक्त छाती दाबत राहायचं. मी दाबत राहिले. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, मनगटातलं रक्त त्यांच्या फाटक्या सदऱ्यावर पडत होतं.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून माणसं इथं बरी व्हायला येतात. ॲम्ब्युलन्सही आली. पोरसवदा डॉक्टरनं नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि यंत्राकडे बघत विचारलं, "हे केव्हा लावलं?"

"आत्ता."

"इथंच होतं ना? मग आधी का नाही?"

मी खांबांकडे बोट दाखवलं. त्यानं त्या फाटलेल्या गुलाबी चिंध्यांकडे बघितलं आणि बॅटरी खिशात ठेवली.

माईंच्या तोंडातून पदर सुटला तो तेव्हा. पण त्यांनी अप्पांच्या नावानं हंबरडा फोडला नाही. त्यांनी माझ्या उघड्या मनगटांकडे बोट केलं. "हिनं चुडा फोडला! लग्नाचा मांडव फाडला हिनं! पहिलं तूप वाढलं आणि माणूस खाल्ला!"

सासरच्या दारात मी माप ओलांडलं नाही. मागच्या दारानं आत गेले.

सुतकाच्या दिवसांत एका दुपारी दस्तगीरभाई आले. कंपाउंडच्या बाहेरच उभे होते. मी पाणी घेऊन गेले. तांब्या हातात घेऊन ते पिईनात.

"ताई, झोप लागंना झालीय. त्या खांबावर कापड म्या बांधलं. खरं, माझ्या मनानं नव्हे वो. तुमच्या सासूबाईंनी रातच्याला बोलवून सांगितलं, ते अशुभ दिसतंय, झाक. चारीबी खांब सारखे कर म्हणाल्या, म्हंजे एकच झाकल्यागत दिसायचं न्हाई."

मी फाटक ओढून बाहेर आले.

"म्या म्हटलं, नको काकू, त्यावर लिव्हलंय की झाकू नका. तर अप्पासाहेबच आले. हसत हुते. म्हणाले, 'बांध बाबा, हिला तेवढंच बरं वाटेल. एका दिवसानं काय होतंय?' शिडीबी त्यांनीच धरली." मग त्यांनी डोळे पुसले आणि पाणी न पिताच गेले.

रात्री मी हे सगळं निरंजनला सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "आईला हे बोलू नकोस. ती मरेल."

"आणि त्या मला जे बोलतात ते?"

"जाऊ दे ना, वैजू. ती दुःखात आहे."

म्हणून मी मूग गिळून बसले. ते एक वाक्य मी वर्षानुवर्षं जिभेखाली ठेवलं. घरात कोणाचं बाळंतपण निघालं की मला बाजूला करायचे. नवीन गाडी आली तर पूजेला निरंजनच्या काकूंना बोलवायचे. हळदीकुंकवाला बायका यायच्या, माझ्या हातून करंडा घेताना नजर चुकवायच्या. पांढऱ्या पायाची, हे माई कधी तोंडावर म्हणायच्या, कधी भिंतीला ऐकवायच्या. आणि नातेवाइकांत ती गोष्ट हळूहळू उलटी झाली. आता सांगताना असं सांगत, की नवरी आधी वेड्यासारखी उठली, मांडव फाडला, चुडा फोडला, आणि ते बघून अप्पा पडले. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं तेही तसंच सांगायला लागले. मला कधीकधी वाटायचं, अजून थोडी वर्षं गेली तर मीही तसंच सांगेन.

माझ्या नणंदेचं, गौतमीचं लग्न ठरलं तेव्हा मुहूर्ताच्या तारखेला दुसरीकडे कुठंच कार्यालय मिळेना. तेच घ्यावं लागलं. अप्पा गेले तेव्हा ती शाळेत होती. आता ती नवरी होती आणि कन्यादान तिचे काका-काकू करणार होते, कारण माई विधवा. आणि माझ्याबद्दल तर बोलायलाच नको. "तू बोहल्याकडे फिरकू नकोस गं," काकूंनी मला गोड आवाजात सांगितलं. "जेवणाच्या दाराशी आहेराच्या पिशव्या सांभाळ. माईसुद्धा तिथंच बसणार आहेत."

अशा रीतीनं, लग्नाच्या सकाळी, सगळ्या शुभ माणसांनी आम्हा दोघींना एका कोपऱ्यात आणून बसवलं. समोर चार खांब. आणि चौथ्यावर ती पेटी, तशीच. काच जरा धुरकटली होती, हृदयाचा लाल रंग उडाला होता.

दस्तगीरभाई शिडी घेऊन आले. खांद्यावर या खेपेला मोतिया रंगाचं कापड. तीन खांब गुंडाळून झाले आणि चौथ्याशी येऊन ते थांबले. केस पिकले होते त्यांचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"झाक रे," माई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाही झाकायचं."

"शुभकार्य आहे."

"तेव्हाही शुभकार्यच होतं!" माझा आवाज चढला. मला तो आवरायचाही नव्हता. "माई, ती पेटी उघडी असती तर आज कदाचित अप्पांनी कन्यादान केलं असतं. ती तुम्ही झाकायला लावलीत. चारही खांब सारखे करायला तुम्ही सांगितलंत. मी नाही खाल्लं त्यांना."

बोलले. इतक्या वर्षांनी बोलले. मला वाटलं होतं, त्या किंचाळतील, ऊर बडवून घेतील, निरंजन धावत येईल. माईंनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. तू पहिल्या खांबाला हात घातलास तेव्हाच कळलं, तू काय शोधतेस ते. पेटी शेवटच्या खांबावर आहे हेही ठाऊक होतं. मी समोरच बसले होते."

बाहेर सनई वाजत होती. मी म्हटलं, "मी विचारत होते तुम्हाला. ओरडून विचारत होते."

"सगळ्या मांडवात काय सांगू? की मीच झाकायला लावलीय?" त्यांनी पेटीकडे बघितलं नाही. "वाटलं, सापडेलच तुला. लगेच सापडेल."

"आणि मग इतकी वर्षं मला पांढऱ्या पायाची म्हणालात?"

"तुला नसतं म्हटलं, तर लोकांनी मला काय म्हटलं असतं?"

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं, तसं सांगितलं. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला, हे मी लपवणार नाही. आणि त्याच क्षणी मला हेही दिसलं, की अप्पा गेल्यापासून ही बाई त्याच पंगतीत, त्याच पानासमोर, तोंडात पदर कोंबून बसलेली आहे. पण मला तिची दया आली नाही. आजही येत नाही.

आतून मुहूर्ताची घाई सुरू झाली. माई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, लांबूनच अक्षता टाकायला निघाल्या, आणि जाता जाता दस्तगीरभाईंना म्हणाल्या, "झाक ते."

मी माझी खुर्ची उचलली आणि पेटीखाली, खांबाला पाठ लावून मांडली. आहेराच्या पिशव्या दोन्ही बाजूंना रचल्या. आता शिडी लावायला जागाच उरली नव्हती. दस्तगीरभाई माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मोतिया कापडाची घडी घातली, शिडी खांद्यावर टाकली आणि निघून गेले.

अक्षता पडल्या. मी टाळ्या ऐकल्या. गौतमीची नवी सासू जेवणाच्या दाराशी आली, माझ्याकडे, माझ्या डोक्यावरच्या लाल हृदयाकडे बघितलं आणि माईंना हळूच विचारलं, "या कोण?"

"आमची सून," माई म्हणाल्या. "ती तिथंच बसते."

मी अख्खं लग्न तिथं बसून काढलं. विहीणपंगत झाली, काकूंनी तूप वाढलं, सगळे पोटभर जेवले. मला कोणी पान वाढलं नाही आणि मी उठलेही नाही. पंगतीला जाणारा जो तो आधी पाटी वाचत होता, मग माझ्याकडे बघत होता. काहींनी तोंड वाकडं केलं. काहींनी विचारलं, हे काय आहे? मी एवढंच सांगत होते, "शॉकचं यंत्र. इथं आहे. या खांबावर. लक्षात ठेवा."